बॉक्स हिलचं चायनीज मेडिसिन क्लिनिक: पोटासाठी तीन महिने जाऊन आले, पाचपैकी साडेतीन

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे एक तक्रार पण आहे. मेलबर्नमध्ये बॉक्स हिल म्हणजे निम्मं चायना टाऊनच, स्टेशनबाहेर पडलं की दर तिसऱ्या दुकानावर अ‍ॅक्युपंक्चरची पाटी दिसते, त्यातलंच एक.

माझ्या पोटाची कहाणी १२ वर्षांची आहे. सांगलीत असताना डॉक्टर म्हणायचे आव आहे, मेट्रोनिडाझोलचा कोर्स घ्यायचा, चार दिवस बरं, मग ये रे माझ्या मागल्या. सकाळी चहा पोटात गेला की कळ, तीनदा संडास, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत पोट असं फुगायचं की ट्रेनमध्ये लोक उठून जागा द्यायचे. कुठल्या स्टेशनवर टॉयलेट उघडं असतं ते मला पाठ आहे, हसू नका.

इथल्या जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) आधी रक्त तपासलं, सिलिअ‍ॅकची टेस्ट केली (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतंय का ते बघायला; ही गहू बंद करायच्या आधीच करायची असते, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो), शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट केली म्हणजे आतड्याला सूज आहे का ते कळतं. सगळं नॉर्मल. मग म्हणाली आयबीएस, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्यात जखम नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातल्या निरोपांचा गोंधळ झालाय, दुसऱ्याला जो गॅस कळणारही नाही तो तुला कळ म्हणून जाणवतो. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी हे नीट सांगितलं. आणि मी फायबर फायबर करत गव्हाचा कोंडा खात होते, तो तर अजून त्रास देतो म्हणे, त्याऐवजी इसबगोल घे. म्हणजे आजीचाच सल्ला, फक्त इथे सिलियम हस्क म्हणून महाग मिळतो.

एवढं सगळं होऊन गेल्यावर मी क्लिनिकला गेले, तेही मैत्रिणीने पिच्छा पुरवला म्हणून. पहिली अपॉइंटमेंट जवळजवळ तासभर. प्रॅक्टिशनर बाईंनी झोप, पाळी, घाम, चिडचिड, कुठल्या वेळी कळ येते, कळ गेल्यावर बरं वाटतं का, सगळं विचारलं. मग जीभ दाखव, मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवून नाडी. मला वाटलं मी सांगलीच्या वैद्यांकडेच बसलेय! निदान काय तर यकृत प्लीहेवर दादागिरी करतंय. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नाही, त्यांच्या शास्त्रातली कल्पना आहे, ताण आला की पोट बिघडतं असा साधारण अर्थ मी लावला. आपल्याकडे आयुर्वेदात याला ग्रहणी म्हटलं असतं.

औषध दिलं ते थोंग शिए याओ फांग, जुना चार वनस्पतींचा काढा, त्यात वाळवलेली संत्र्याची साल पण असते. इथे पावडर मिळते, गरम पाण्यात ढवळून दिवसातून दोनदा. चव म्हणजे देवा, कडू आणि वर मातीचा वास, दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. आणि आठवड्यातून एकदा सुया, गुडघ्याखाली, पावलावर, बेंबीच्या दोन्ही बाजूंना. दुखत नाही, मी तर घोरले.

आता फरक पडला का? पाचव्या आठवड्यापासून सकाळच्या फेऱ्या तीनवरून एकावर आल्या. पण खरं सांगायचं तर त्याच महिन्यात मी मोनाश युनिव्हर्सिटीचं फॉडमॅपचं (म्हणजे नीट न पचता गॅस करणाऱ्या साखरांचं) अ‍ॅप घेऊन कांदा लसूण बंद केला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मलाच सांगता येत नाही. लसणाऐवजी हिंग चालतो, पण डबीवर वाचा, बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ असतं. नंतर एकेक पदार्थ परत आणून बघितला (हे करायचंच असतं, जन्मभर सगळं बंद ठेवायचं नसतं), तूरडाळ वाटीभर चालली, कांदा मात्र नाही. कांद्याशिवाय पोहे, काय सांगू.

सिडनीत चिनी औषधांवर एक चाचणी झाली होती, १९९८ साली छापून आली, ११६ पेशंट, १६ आठवडे. खोट्या पावडरीपेक्षा खऱ्या औषधवाल्यांना जास्त बरं वाटलं, आणि औषध थांबल्यावर १४ आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना प्रकृती बघून वेगळं औषध दिलं होतं त्यांचाच फरक टिकला होता. म्हणून मी पावडरला थोडा मान देते. पण एका चाचणीवर किती उड्या मारायच्या. सुयांचं मात्र २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (त्यात बऱ्याच चाचण्या एकत्र तपासतात) खोट्या सुयांपेक्षा जास्त काही निघालं नाही, त्यामुळे माझी ती झोप महागात पडली असं समजते. हेल्थ इन्शुरन्सच्या एक्स्ट्राजमधून (हॉस्पिटलबाहेरच्या उपचारांचा भाग) थोडे परत आले म्हणून वाचले.

तक्रार ही की दुसऱ्या वेळी पावडरच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी घटक मागितले तर काउंटरवरची मुलगी म्हणे नॅचरल आहे, काळजी नको. अहो, बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती आली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, ती पण नॅचरलच होती. मी अडून बसले, मग बाईंनी स्वतः येऊन यादी लिहून दिली आणि सॉरी म्हटलं. ती यादी मी जीपीला दाखवली, तिने मध्ये एकदा लिव्हरची टेस्ट करून घेतली, ठीक आली. शिवाय दहा सेशनचे पैसे आधीच भरा म्हणून मागे लागतात, भरू नका.

शौचातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असं काही असेल तर इथे न जाता सरळ डॉक्टरकडे जा. बाकी माझ्यासारखं नुसतं आयबीएस असेल आणि कोणी तासभर शांतपणे ऐकावं असं वाटत असेल तर जाऊन बघा, त्या बाई खरंच चांगल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे सरकारी बोर्डाकडे रजिस्टर्ड आहेत, इथे २०१२ पासून चिनी वैद्यांना ते लागतंच, नाव ऑनलाइन तपासता येतं.

अपॉइंटमेंट मंगळवारी सकाळची घ्या. शनिवारी वेटिंगमध्ये आठ दहा जण असतात, सगळे पोटाचेच, आणि टॉयलेट एकच आहे.