‘ड्रायव्हर जळालेत’ म्हणून माझ्याकडून ४२ हजार नेले

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्र्यांना मी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, करून देतो. माझा राउटर, म्हणजे लाकूड कापणारं-कोरणारं मशीन, लिनक्स सीएनसी या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालतो. मोटरी साध्या स्टेपर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एकेका पल्सवर एकेक पाऊल फिरणाऱ्या. मोटर किती फिरली ते उलट कळवणारा सेन्सर, म्हणजे एन्कोडर, नाही. हे ‘एन्कोडर नाही’ लक्षात ठेवा, मी फसलो ते तिथंच.

मार्चमध्ये गोल कापला की लांबट यायला लागला. एक्स अक्षात ढिलाई होती. सर्व्हिसवाला आला, मशीनला हातही न लावता कॉम्प्युटरवर बसला, बॅकलॅश, म्हणजे ढिलाई भरून काढायचा आकडा, ०.१२ भरला आणि दीड हजार घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून एक्सनं दिशा बदलली की मशीन मधेच थांबायचं. पडद्यावर ‘जॉइंट ० फॉलोइंग एरर’, म्हणजे एक्स हुकमाच्या मागे पडला.

परत बोलावलं. “दादा, ड्रायव्हर जळालेत. कार्डबी गेलंय.” ड्रायव्हर म्हणजे पल्स घेऊन मोटरला वीज देणारे डबे. ऑर्डर अंगावर होती. ४२ हजार दिले, बिल नाही, जुने ड्रायव्हर तो ‘एक्स्चेंज’ म्हणून घेऊन गेला. ‘नव्या’ ड्रायव्हरच्या टर्मिनलच्या स्क्रूंच्या खाचांत लाकडाचा भुसा घट्ट बसलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि घाईत गप्प बसलो. त्याची चुटपुट अजून जात नाही.

मशीन चालू झालं, पण पाच तासांचं काम सात तासांवर गेलं. मशीन घेतलं तेव्हाची आयएनआय फाइल, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल, पेनड्राइव्हवर होती. ती आणि आताची, दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडल्या. एक्सचं मॅक्स ॲक्सिलरेशन (वेग किती झटपट बदलू शकतो त्याची मर्यादा) ४०० होतं, ते २०० केलेलं. स्टेपजेनचं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या पल्स तयार करणाऱ्या भागाचं, ४४०, जसंच्या तसं. बॅकलॅश भरला की दिशा बदलताना भरपाईची जास्तीची हालचाल त्याच वेळात उरकावी लागते, म्हणून स्टेपजेनचा आकडा अक्षाच्या दीडपट ते दुप्पट ठेवावा लागतो. त्यानं तो वाढवलाच नव्हता. पल्स मागे पडायचे, एरर यायची. बिघाड त्यानंच केला, पैसेही त्या बिघाडाचेच घेतले आणि शेवटी वेग मारून एरर झाकली.

एन्कोडर नसला की मोटर खरंच फिरली का, हे कॉम्प्युटरला कळतच नाही. तो स्वतः सोडलेले पल्स मोजतो. ड्रायव्हर जळून कोळसा झाला असता तरी ही एरर आली नसती! (एन्कोडरवाल्या सर्व्हो मोटरींची गोष्ट वेगळी, तिथं अडकलेली स्लाइड किंवा तुटलेली केबलही ही एरर देते.)

तुमच्या स्टेपर मशीनवर कोणी असं सांगितलं तर टूल काढा, त्याच्यासमोर ड्रायव्हरची पॉवर बंद करा आणि तोच प्रोग्रॅम चालवा. मोटर हलणार नाही. तरीही एरर आली तर ड्रायव्हर बदलू देऊ नका. नंतर झिरो पुन्हा घ्या. कोणालाही कीबोर्डवर बसवण्याआधी आयएनआयची प्रत काढा, आणि जुना पार्ट दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. माझ्याकडे आज दाखवायला काहीच उरलेलं नाही. फोन केला तर म्हणाला, “मशीन चालतंय न्हवं?”

मी ४०० परत केलं, स्टेपजेनला ८०० दिले, मशीन पूर्वीच्या वेगानं धावलं. पुढच्या आठवड्यात एक्सचं कव्हर उघडलं. मोटरचा दांडा जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल होता, मूळची ढिलाई तीच. ॲलन कीनं आवळला आणि बॅकलॅश काढून टाकला.