बीटल्स फुटल्यावरच्या एलपी: काही महिने वाजवल्यानंतरचा अनुभव (आणि ती वाकडी तिसरी)

बीटल्स या इंग्लिश रॉक बँडमधले चौघं, जॉन लेनन, पॉल मॅककार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार, वेगळे झाल्यावर प्रत्येकाने स्वतःचे अल्बम काढले. त्यातल्या जॉर्जच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’चा तीन एलपींचा संच, 2021चं नवं मिक्स (म्हणजे जुन्याच मुद्रणातले आवाज नव्याने जुळवलेले), ऑनलाइन मागवला. तिसरी तबकडी वाकडी निघाली. पिन होडीसारखी वरखाली. विक्रेता म्हणतो, सुटी तबकडी बदलून मिळणार नाही, अख्खा संच परत करा, पैसे वॉलेटमध्ये जमा होतील. अहो, मी पैसे बँकेतून भरले, मला बँकेतच हवेत! बरीच वादावादी करून शेवटी संच ठेवून घेतला, कारण पहिल्या दोन तबकड्यांत नाव ठेवायला जागा नाही.

वाकडी निघाली तीही नेमकी ‘ॲपल जॅम’. गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि मंडळी स्टुडिओत जमून वाजवत बसली, तेच सगळं यात भरलंय. पहिलाच तुकडा अकरा मिनिटांच्या वर. लेननच्या तिसाव्या वाढदिवसाचं एक गमतीचं गाणंही आहे, ते मिनिटभरसुद्धा नाही. मूळ अल्बममध्ये ही तबकडी वर घातलेली भेट होती. आज मात्र माझ्याकडून तिन्हींचे पैसे घेतले गेले, आणि ऐकतो मी दोनच. हे मला अजून पचलेलं नाही.

आता आवाजाकडे येतो. निर्माता फिल स्पेक्टर, वाद्यांचे थरावर थर चढवून घुमणारा आवाज काढणारा माणूस, त्यामुळे जुन्या मिक्समध्ये सगळं घुमतं. गिटारींचा थर, त्यावर हॉर्न, आणि जॉर्जचा आवाज कुठेतरी मागे. 2001च्या आवृत्तीसोबतच्या मजकुरात जॉर्जनेच लिहिलं होतं की काही गाणी या घुमाऱ्यातून सोडवावीशी वाटतात. त्याच वर्षी तो गेला. मुलगा धनीच्या देखरेखीखाली पॉल हिक्सने केलेल्या नव्या मिक्समध्ये आवाज पुढे आलाय, शब्द कळतात. माझं मत पक्कं झालं होतं: नवं घ्या, जुनं विसरा.

मग शेजारी लेननचा ‘प्लास्टिक ओनो बँड’ लावला. महिना-दीड महिनाही नाही, दोन्ही अल्बम 1970च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जेमतेम दोन आठवड्यांच्या अंतराने आले. निर्मात्यांत स्पेक्टर, बास गिटारवर क्लाउस फूरमान, ड्रमवर रिंगो. ही नावं दोन्हीकडे. आणि इथे काहीच घुमत नाही! घंटेचे संथ टोल, मग पियानो, बास, ड्रम आणि लेननचा आक्रोश. ‘होल्ड ऑन’मध्ये रिंगो झांजेला नुसता स्पर्श करतो, आणि मध्येच लेनन ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या राक्षसाच्या आवाजात ‘कुकी’ म्हणतो. रिंगोच्या ड्रमवादनाला हसणाऱ्यांनी हे एक गाणं हेडफोनवर ऐकावं.

(इथवर लिहिल्यावर प्लेअरचा बेल्ट बदलला. जुना सैल पडला होता, सूर हलत होता. सगळं पुन्हा ऐकलं, त्यामुळे पुढचं थोडं वेगळं.)

जॉर्जच्या संचातलं ‘वाह-वाह’ नव्या मिक्समध्ये फिकं वाटतं. जानेवारी 1969मध्ये जॉर्ज बीटल्सच्या तालमीतून उठून घरी गेला आणि त्याच दिवशी हे गाणं लिहिलं. डोकं भणभणल्याचं गाणं आहे ते, त्यात गोंगाटच हवा. म्हणून जुनं मिक्स फोनवर ठेवलंय. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, हा भाग वेगळा.

पैसा वसूल म्हणाल तर मॅककार्टनीचा 1970चा पहिला अल्बम. घरी चार ट्रॅकचं रेकॉर्डिंग यंत्र आणून सगळी वाद्यं एकट्याने वाजवली. पहिला तुकडा यंत्र तपासायला केलेला. त्याच्या शेवटी दार करकरतं, बायको लिंडा बागेकडे जाते आहे. तेही तसंच ठेवलं. त्याच्याच ‘रॅम’ला 1971मध्ये समीक्षकांनी झोडपलं, माझ्याकडे मात्र सगळ्यात जास्त तोच वाजतो.

जॉर्जची ‘वंडरवॉल म्युझिक’ (1968) बँड असतानाची, पण तिचा एक भाग मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित झालाय आणि संतूर शिवकुमार शर्मांचं आहे. तिच्यावर पैसे घालायच्या आधी एकदा स्ट्रीमिंगवर ऐका, सगळ्यांना झेपेल असं नाही.

रिंगोचा 1973चा ‘रिंगो’ अजून घेतलेला नाही. बीटल्सचे चौघंही त्यात आहेत, पण एका गाण्यात चौघं एकत्र कुठेच नाहीत. जुन्या बाजारात एकाकडे आहे, कव्हर फाटलंय, तरी नव्याचा भाव सांगतो. आणि मी तुम्हाला बजावून ठेवतो, तबकडी वाकडी असेल अशी शंका आली तर आधी प्लेअरवर लावून दाखवायला लावा.