किनारा धोरणावरची राष्ट्रीय परिषद, रत्नागिरी : नकाशांचं सत्र उत्तम, ठराव कच्चे

देशाचं पुढचं किनारा धोरण कसं असावं, या विषयावर रत्नागिरीत दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद भरली होती. तिचं हे परीक्षण. पुढची परिषदही कोकण किनाऱ्यावरच घ्यायचा आयोजकांचा मानस आहे. ग्रामपंचायतींनी, मच्छीमार सोसायट्यांनी आणि बागायतदारांनी तिथे माणूस पाठवावा का, पाठवला तर कोणत्या सत्राला आणि बरोबर कोणते कागद देऊन, हे ठरवायला याचा उपयोग व्हावा.

मत आधीच सांगतो. माणूस जरूर पाठवावा. उद्घाटन आणि त्यानंतरची बीजभाषणं चुकली तरी काही बिघडत नाही. नकाशांचं सत्र चुकवू नये. ठरावांचं सत्र सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि नेमकं तेच सगळ्यात ढिसाळ झालं.

नकाशांपासून सुरुवात करू. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे भरतीरेषेपासून आत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) अधिसूचनेप्रमाणे तयार झालेले किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे तालुकावार टेबलांवर पसरले होते आणि प्रत्येक टेबलाशी ते वाचून दाखवणारा जाणकार बसला होता. अशी सोय फार कमी ठिकाणी मिळते. हे नकाशे १:२५,००० प्रमाणाचे, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. खाडीकाठचा ५० मीटरचा पट्टा कागदावर दोनच मिलिमीटर भरतो आणि पेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघच त्यातले साडेबारा मीटर खाते. म्हणून आपलं घर रेषेच्या आत की बाहेर, याचा निवाडा या नकाशावर करू नये. त्यासाठी गाव नकाशावर, १:४,००० च्या आसपासच्या प्रमाणात, रेषा उतरवलेला स्थानिक नकाशा मागावा. त्यावर २०० मीटर म्हणजे पाच सेंटिमीटर होतात आणि पट्टीने नीट मोजता येतात. गट नंबरही तिथेच जुळवता येतो.

बऱ्याच जणांनी घरून नकाशाच्या प्रिंट आणल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक निरुपयोगी ठरल्या. कारण साधं आहे. ‘फिट टू पेज’ निवडून ए-थ्री कागदावर प्रिंट काढली की मोठा नकाशा आक्रसतो, पण वर छापलेलं १:२५,००० तसंच राहतं. मग पट्टी लावून काढलेलं प्रत्येक अंतर चुकतं. नकाशाच्या कोपऱ्यातली मोजपट्टी मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, तेव्हा मोजायचं तर तिच्यावरून मोजावं.

याच सत्रात लोकसंख्येच्या घनतेचा मुद्दा निघाला आणि परिषदेतली सर्वात मोलाची चर्चा तीच होती. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त घनता असलेलं ग्रामीण क्षेत्र सीआरझेड तीन-अ मध्ये येतं आणि आराखडा मंजूर असेल तर तिथला ना-विकास पट्टा, म्हणजे जिथे सहसा नवं बांधकाम करता येत नाही तो, भरतीरेषेपासून ५० मीटरचा असतो. घनता त्याहून कमी असेल तर तीन-ब आणि पट्टा २०० मीटरचा. आता कोकणातलं गाव डोळ्यांसमोर आणा. खाली किनाऱ्याला घराला घर लागून कोळीवाडा, वर मैलभर उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. समजा गावाचं क्षेत्र चार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ३,००० आहे. घनता निघाली ७५०, म्हणून गाव तीन-ब मध्ये गेलं. त्यातली २,००० माणसं जर कोळीवाड्याच्या दहा हेक्टरांत राहत असतील, तर त्या वस्तीची घनता २०,००० होते. सड्याच्या कातळामुळे कोळीवाडा विरळ ठरतो आणि नियमाची सगळी झळ दाट वस्तीलाच बसते. पारंपरिक किनारवासीयांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीने घर बांधायची मुभा आहे खरी, पण कोळीवाडे असतात पहिल्या शंभर मीटरांत. तिथे असलेल्या अधिकृत घराची डागडुजी होते. मुलाचं लग्न झालं म्हणून शेजारी नवं घर उभं राहत नाही.

यावर उपायही सुचवला गेला : घनता महसुली गावाची न धरता वाडीची धरावी. टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना तो पटला. दुसऱ्या दिवशीच्या ठरावांत मात्र त्याचा उल्लेखही नव्हता.

आणखी एक उणीव याच सत्राची. मच्छीमारांची गावं, जेटी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा हे सगळं स्थानिक नकाशांवर दाखवावं आणि मच्छीमारांच्या घरांच्या पुढच्या गरजेचा आराखडा करावा, असं अधिसूचनाच सांगते. मासळी कुठे सुकते हे नेमकं ठाऊक असतं ते बायांना. पण सत्र ठेवलं सकाळी दहाला, ऐन बाजाराच्या वेळी. त्यामुळे सुकवण्याच्या जागा नकाशावर कुठे चुकल्यात किंवा राहून गेल्यात, हे सांगणारं तिथे जवळजवळ कोणीच नव्हतं. हेच सत्र दुपारी दोननंतर घेतलं असतं तर चित्र बदललं असतं.

तारखेचंही तसंच. परिषद पौर्णिमेच्या उधाणात आली. डोलीच्या जाळ्याला, म्हणजे प्रवाहात एका जागी बांधून ठेवायच्या जाळ्याला, पाण्याची ओढ लागते, म्हणून रायगडकडचे डोलकर उधाणाचे दिवस सोडून येणार नाहीत. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत तारीख धरली तर ते मोकळे असतात. किंवा १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात परिषद घ्यावी. पावसाचा त्रास होईल, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती माणसं सभागृहात असतील.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रावरचं सत्र बागायतदारांच्या कामाचं होतं. या क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे १० मार्च २०१४ पासून ३१ जुलै २०२४ पर्यंत सहा वेळा निघाले आणि त्यात महाराष्ट्रातलं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र येतं. वक्त्यांनी एक गोष्ट ठासून सांगितली, ती इथे मुद्दाम नोंदवतो : प्रत्येक मसुद्याबरोबर हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत नव्याने सुरू होते. मागच्या मसुद्यावर दिलेली हरकत आपोआप पुढे धरली जाईल, या भरवशावर राहू नये. गावाचं नाव आणि गट नंबर घालून ती पुन्हा द्यावी आणि पोच जपून ठेवावी.

भाषेच्या सोयीला कमी गुण. निबंध बहुतेक इंग्रजीत होते आणि मराठी भाषांतर वक्ता थांबला की मग व्हायचं. असं केलं की वीस मिनिटांच्या भाषणाला चाळीस मिनिटं जातात, आणि ती वाढीव वेळ कापली गेली प्रश्नोत्तरांतून. कानाला यंत्र लावून चालू भाषांतर ऐकवायचं तर दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी एकाला थकवा येतो आणि चुका वाढतात. खर्च होतो, पण बीजभाषणांच्या पाहुण्यांपैकी दोघांचा विमानप्रवास वाचवला तरी तो निघावा.

जेवण चांगलं होतं. बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी, वेळेवर आणि पोटभर. सभागृहात आवाज घुमत होता, मागच्या रांगांना निम्मं कळत नव्हतं.

आता ठराव. दहा ठराव वाचून दाखवले आणि जवळजवळ सगळ्यांचा शेवट ‘शासनाने दखल घ्यावी’ असा. कोणत्या शासनाने? किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा विषय राज्याचा आणि त्यापलीकडे केंद्राचा. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून होणाऱ्या मासेमारीवरचा ठराव फक्त राज्याला उद्देशून होता. केंद्राच्या हद्दीत या दिव्यांवर नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा तिथे मागणी करायची ती अंमलबजावणीची, गस्तीची. एकाच विषयाची दोन पत्रं दोन ठिकाणी जायला हवी होती.

धोरणात बदल हवा असेल तर मागणी कलमवार लिहावी लागते. कलमाचा क्रमांक, सध्याचा मजकूर, त्याजागी हवा असलेला मजकूर, कारण आणि सोबत पुरावा. घनतेच्या मुद्द्यावर हे सगळं पहिल्या दिवशीच टेबलावर तयार होतं, फक्त कोणी लिहून घेतलं नाही. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा मंत्रालयाने संकेतस्थळावर टाकावा, असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. आपली सूचना त्या गोषवाऱ्यात आली का, हे कलमवार लिहिलं असेल तरच तपासता येतं. परिषदेचा अहवाल दोन महिन्यांनी येणार आहे. दरम्यान एखादा मसुदा निघालाच तर अहवाल हाती पडेपर्यंत मुदत टळून जाईल. त्यामुळे प्रत्येक सत्राचा कलमवार कागद त्याच संध्याकाळी तयार व्हायला हवा.

ठरावांचं सत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहापर्यंत लांबलं. राजापूर, गुहागरकडची माणसं वस्तीची एसटी चुकू नये म्हणून पाचलाच उठली आणि ठराव निम्म्या रिकाम्या सभागृहात मंजूर झाले. पुढच्या वेळी हे सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावं आणि जेवणाआधी कलमवार मसुद्यावर सोसायट्यांच्या, ग्रामपंचायतींच्या सह्या व्हाव्यात. जाणाऱ्यांनी आपल्या गावाचा गाव नकाशा, सातबारा, जनगणनेतली गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ, वाडीवार घरांची यादी आणि सोसायटीचा शिक्का बरोबर ठेवावा.