क्लिप स्टुडिओ पेंट : फक्त पॅनलच्या कामासाठी कसं आहे

ब्रशबद्दल सगळेच बोलतात त्यामुळे ते सोडतो, मी हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो ते कॉमिकची पानं लावायला, म्हणजे वाचणाऱ्याची नजर एका चौकटीतून, म्हणजे पॅनलमधून, बरोबर पुढच्याच चौकटीत गेली पाहिजे, आणि त्या कामाला हे जबरदस्त आहे.

सगळ्यात भारी म्हणजे फ्रेम कापायचं टूल. अख्ख्या पानाची एकच फ्रेम घ्यायची आणि रेघ ओढून कापत सुटायचं, तिरकी पण कापता येते. आणि मधली फट, म्हणजे गटर, आडवी वेगळी आणि उभी वेगळी सेट होते. ऐकायला किरकोळ वाटेल पण खरा खेळ इथेच आहे, एका ओळीतल्या पॅनलमधली फट अरुंद आणि दोन ओळींमधली रुंद ठेवली की नजर आधी ओळ पूर्ण करते आणि मगच खाली उतरते, वेगळे बाण वगैरे काढायची गरजच नाही.

आता एक अवघड लेआउट बघा. डावीकडे एकाखाली एक दोन छोटे पॅनल, उजवीकडे एक उंच. पहिला वाचून झाला की बरेच जण सरळ उजवीकडे उडी मारतात आणि खालचा राहूनच जातो. सॉफ्टवेअर इथे काहीही सांगणार नाही, ते तुम्हालाच कळायला हवं. मी छोट्या दोघांमधली फट जवळजवळ मिटवतो, उंच पॅनलच्या आधीची वाढवतो, आणि पहिल्यातला संवादाचा फुगा थोडा खालच्या पॅनलच्या हद्दीत उतरवतो. फुग्याचा लेयर फ्रेम फोल्डरच्या, म्हणजे त्या पॅनलचं चित्र ज्यात असतं त्या फोल्डरच्या, बाहेर वर ठेवा हं, आत ठेवला तर चौकटीच्या कडेला कापला जातो. एवढं करूनही नजर चुकत असेल तर उंच पॅनल सरळ डावीकडे न्या, कटकट मिटली.

याच्या दोन आवृत्त्या आहेत, मग प्रो की ईएक्स? एक-दोन पानांचं काम असेल तर प्रो पुरे. पुस्तक करायचं असेल तर ईएक्सच घ्या, कारण अनेक पानं एकाच पुस्तकासारखी एकत्र सांभाळायची सोय त्यातच आहे आणि समोरासमोरची दोन पानं एकत्र दिसल्याशिवाय धक्क्याचा पॅनल कुठे टाकायचा ते ठरवणं कठीण, तो पान उलटल्यावर डाव्या पानावर पहिलाच यायला हवा, उजव्या पानावर ठेवला तर आधीच दिसून जातो. नवीन फाइल उघडताना बाइंडिंग डावीकडचं आहे ना तेवढं बघून घ्या, नाहीतर पानांच्या जोड्या उलट्या लागतात.