घटस्फोटाच्या याचिकेत बदल: दुरुस्ती अर्ज द्यावा की याचिका मागे घेऊन नवी दाखल करावी?

ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात याचिका दाखल होते, समुपदेशकासमोर एक-दोन तारखा होतात आणि मग लक्षात येतं की एक महत्त्वाची गोष्ट लिहायचीच राहिली. किंवा दाखल केल्यानंतर नवंच काही घडतं. वकील दोन मार्ग सांगतात: त्याच याचिकेत दुरुस्ती, नाहीतर ती मागे घेऊन नवी. घरातले तिसरा सुचवतात, "राहू दे, साक्षीच्या वेळी सांगू."

हा तिसरा मार्ग आधीच बाजूला ठेवा. याचिकेत ज्याचा उल्लेख नाही त्यावरचा पुरावा न्यायालय सहसा विचारात घेत नाही. शिवाय उलटतपासात समोरचे वकील हमखास विचारतात, एवढी मारहाण झाली होती तर याचिकेत एक ओळही का नाही? खरी घटनासुद्धा मग मागाहून रचल्यासारखी दिसते.

उरलेल्या दोघांतून निवडताना एकच गोष्ट पाहा. याचिका दाखल केली त्या दिवशी तुमचं कारण कायद्याने पुरं झालेलं होतं का? होतं, पण लिहायचं राहिलं, तर दुरुस्ती. नव्हतंच, तर दुरुस्तीने ते पुरं होत नाही.

परित्यागाच्या (जोडीदाराला सोडून जाण्याच्या) बाबतीत हा फरक सगळ्यात जास्त नडतो. समजा, कळव्यातल्या एका बाईचा नवरा २०२३ च्या दिवाळीत घर सोडून गेला. तिने जून २०२५ मध्ये क्रूरतेच्या कारणावर याचिका दाखल केली. आता दोन वर्षं उलटली, म्हणून परित्यागही जोडावा असं तिला वाटतं. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार परित्यागाची सलग दोन वर्षं याचिका दाखल होण्याच्या लगेच आधीची लागतात. मंजूर झालेली दुरुस्ती साधारणपणे मूळ तारखेपासून याचिकेत होती असं धरलं जातं, आणि त्या तारखेला तिची दोन वर्षं भरलेली नव्हती. परित्यागावरच घटस्फोट हवा असेल तर तिला नवी याचिका लागेल. माझं मत विचाराल तर, क्रूरतेचा पुरावा भक्कम असेल तर तिने आहे तीच याचिका पुढे न्यावी. केवळ आणखी एक कारण हाताशी असावं म्हणून चालू खटला मोडण्यात तिचाच वेळ जातो.

क्रूरतेचं गणित वेगळं आहे. दाखल केल्यानंतर घडलेल्या घटनाही दुरुस्तीने आणता येतात, कारण त्या आधीच्याच वागणुकीची पुढची कडी असतात. लेखी कैफियतीत, म्हणजे समोरच्याने याचिकेला दिलेल्या लेखी उत्तरात, बायकोच्या चारित्र्यावर किंवा नवऱ्याच्या मानसिक आरोग्यावर निराधार आरोप आले, तर ते आरोपसुद्धा मानसिक क्रूरता ठरू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये व्ही. भगत यांच्या खटल्यात तसं मानलं होतं. म्हणून कैफियतीची प्रत हातात आली की ती शेवटपर्यंत वाचा. मन खचतं, पण दुरुस्तीचा मुद्दा अनेकदा तिथेच सापडतो.

दुरुस्तीची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ मध्ये आहे. खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधी न्यायालयं याबाबत बरीच उदार असतात. लग्नाच्या तारखेऐवजी नोंदणीची तारीख पडली, मुलाचं नाव चुकलं, पोटगीची मागणी राहिली, असे बदल सहसा अडत नाहीत. मात्र २००२ च्या सुधारणेनंतर, सुनावणी सुरू झाल्यावर अर्ज आला तर पुरेशी काळजी घेऊनही हे आधी मांडता आलं नसतं, हे दाखवावं लागतं. आणि सुनावणी सुरू झाली असं सरतपासणीचं (आपल्या बाजूच्या साक्षीचं) शपथपत्र दाखल होताच धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये विद्याबाई यांच्या खटल्यात सांगितलं. म्हणजे शपथपत्रावर सही करण्याआधीचा आठवडा हा मूळ याचिका पुन्हा सावकाश वाचण्याचा. वकिलांना फोन करून विचारायला संकोचू नका.

दुरुस्तीत वेळ जातोच. समोरचे आपला से (अर्जावरचं लेखी म्हणणं) देतात, युक्तिवाद होतो, अर्ज मंजूर झाला तर त्यांना जादा कैफियतीची संधी मिळते, कधी खर्चही भरावा लागतो. मंजुरीनंतरची एक बाब फार जणांकडून सुटते. आदेशात मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत मूळ याचिकेत दुरुस्ती प्रत्यक्ष करून घ्यावी लागते. मुदत गेली तर ती वाढवून मागावी लागते, म्हणजे आणखी एक तारीख.

मागे घेण्यातला धोका याहून मोठा आहे. त्याच संहितेच्या आदेश २३, नियम १ खाली नवी याचिका दाखल करण्याची परवानगी मागून, ती आदेशात लिहून घेऊनच मागे घ्या. नुसती "याचिका मागे घेतो" अशी पुरशिस (छोटं लेखी निवेदन) दिली तर त्याच कारणावर पुन्हा येणं अडू शकतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालची अंतरिम पोटगी चालू असेल तर तीही मुख्य याचिकेबरोबर थांबते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात म्हटलं आहे. त्यामुळे नव्या अर्जाबरोबर तारीखही नवी होते. मुलांची फी आणि घरभाडं त्या पोटगीवर चालत असेल, तर मी दुरुस्तीलाच आधी जोर लावायला सांगेन. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा वेगळा आदेश असेल तर त्याला याने धक्का लागत नाही.

नवी मुंबईकरांसाठी हद्दीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगडच्या पनवेल तालुक्यात. लग्न, शेवटचा एकत्र संसार आणि समोरच्याचं राहणं सगळं खारघरचं असताना नवऱ्याने ठाण्यात याचिका टाकली, तर मजकूर बदलून हद्द मिळत नाही. योग्य न्यायालयात नेण्यासाठी ती परत दिली जाते. पत्नीला मात्र २००३ पासून ती सध्या राहते तिथे दाखल करता येते, म्हणून खारघर सोडून ऐरोलीला माहेरी आलेलीची ठाणे जिल्ह्यातली याचिका चालते.

आणि दोघांचंही लढण्यावरून मन उठलं असेल, तर दुरुस्तीत शक्ती घालवू नका. वर्षभर वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलांचा ताबा, दागिने यांवर एकमत झालं असेल, तर संयुक्त अर्ज देऊन चालू प्रकरण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालच्या परस्पर संमतीच्या घटस्फोटात बदलून घेता येतं. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट केलं. अटी लिहिताना रक्कम, हप्त्याची तारीख आणि मुलांना भेटण्याचे दिवस आकड्यांत लिहा. "सोयीनुसार" हा शब्द तिथे येऊ देऊ नका.