रेझिस्टर पॅनेलमध्येच होते

वायरिंगचे चोर-अलार्म बसवायला शिकायचं म्हणून मी एका प्रशिक्षण वर्गाची पूर्ण फी एकरकमी भरली. तीन महिन्यांत स्वतंत्र इन्स्टॉलर व्हाल, असा शब्द मिळाला होता. प्रमाणपत्र मिळालं, कामंही मिळाली आणि पुढचे आठ महिने मी चौदा घरांत चुकीचं काम करत राहिलो. या धंद्यात उतरायच्या विचारात असाल तर फी भरण्याआधी हे वाचा, म्हणून लिहितोय.

वर्गात प्लायवूडच्या एका फळीवर पॅनेल (सगळ्या तारा जिथे येतात ती अलार्मची मुख्य पेटी), कीपॅड, दारा-खिडकीचे दोन मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट (दार उघडलं की सर्किट तोडणारे चुंबकी स्विच) आणि एक पीआयआर, म्हणजे माणसाची हालचाल ओळखणारा, सेन्सर ठोकलेला होता. सगळ्या तारा हातभर लांबीच्या. प्रत्येक झोनचा, म्हणजे पॅनेल वेगळी ओळखतं अशा प्रत्येक तारजोडीचा, रेझिस्टर (ठरावीक रोध देणारा छोटा भाग) थेट पॅनेलच्या टर्मिनलमध्ये खुपसलेला. ५.६ किलो-ओहमचा, म्हणजे हिरवा, निळा, लाल अशा पट्ट्यांचा. आम्ही स्क्रू आवळायचो, दार मिटायचो आणि सर म्हणायचे, "सगळे झोन हिरवे दिसले की काम संपलं." हे वाक्य मी वहीत चौकटीत लिहून ठेवलं होतं.

हा रेझिस्टर लावायची जागा पॅनेलमध्ये नाहीच. त्याला एंड-ऑफ-लाइन म्हणतात ते उगाच नाही. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला, सेन्सरच्या पोटात बसवायचा असतो. मग दार बंद असताना पॅनेलला ५.६ किलो-ओहम दिसतात. दार उघडलं किंवा तार तुटली की सर्किट उघडतं. आणि दोन तारा कुठे चिकटल्या, किंवा कोणी मुद्दाम जोडल्या, तर शून्य दिसतं आणि पॅनेल बिघाड दाखवतं. रेझिस्टर पॅनेलमध्येच ठेवला तर तुटलेली तार कळेल, पण चिकटलेली कधीच कळणार नाही. तारा चिकटल्यावरही पॅनेलला तेच ५.६ दिसत राहतात. चिकटलेल्या जागेपलीकडची खिडकी सताड उघडी असली तरी झोन हिरवा.

माझ्या सहाव्या कामात हेच घडलं. घरातल्या मावशींनी एका रात्री सिस्टीम लावून ठेवलेली असताना विसरून मागची खिडकी उघडली. सायरन वाजला नाही. त्या स्वतःच घाबरल्या आणि सकाळी मला फोन केला. मी सरांना विचारलं. त्यांनी प्रत्यक्ष न बघताच सांगितलं की पॅनेल खराब निघालंय, नवीन घेऊन जा. मी त्यांच्याकडूनच विकत घेतलं, पदरच्या पैशाने. बसवलं. झोन हिरवे. खिडकी उघडली, तरी हिरवेच.

शेवटी ओळखीतल्या एका जुन्या टेक्निशियनदादांना घेऊन गेलो. त्यांनी पॅनेलकडे बघितलंही नाही. सरळ खिडकीशी गेले, कॉन्टॅक्टचं झाकण काढलं, कॉन्टॅक्टकडे येणाऱ्या दोन्ही तारा सोडवून मोकळ्या धरल्या आणि मला कीपॅड वाचायला सांगितलं. झोन नॉर्मल. तारा हवेत होत्या आणि पॅनेल म्हणत होतं खिडकी बंद आहे. "रेझिस्टर कुठे लावलास?" मी पॅनेल दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चौकटीच्या मागे हात घालून तार चाचपत गेले. वळणावर मी चपटी स्टेपल मारली होती. तिचा एक पाय केबलच्या मधोमध घुसला होता आणि लाल-काळ्या दोन्ही तारा एकत्र शिवल्यासारख्या त्याला टेकल्या होत्या. खिडकीचा झोन पहिल्या दिवसापासून मेलेला होता. प्रत्येक दार-खिडकी उघडून वॉक टेस्ट घेतली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं, पण ती टेस्ट आम्हाला शिकवलीच नव्हती.

इथवर मला वाटत होतं की सरांनाच नीट येत नसेल. मग एक जुना प्रसंग आठवला. प्रॅक्टिकलच्या नावाखाली आम्हा मुलांना ते आपल्या गिऱ्हाइकांकडे न्यायचे. दिवसभर केबल ओढून घ्यायची, मजुरी नाही. एका गोदामात मी त्यांची शिडी धरून उभा होतो. वर त्यांनी खिशातून रेझिस्टरची पट्टी काढली, एक तोडला, कॉन्टॅक्टच्या तारेला पिळला आणि वर स्लीव्ह चढवली. मी विचारलं, "सर, हे इथे का?" म्हणाले, "ही वेगळी सिस्टीम आहे, ॲडव्हान्स कोर्समध्ये घेऊ." पॅनेल तेच होतं, फळीवरचंच मॉडेल. स्वतःच्या कामात ते रेझिस्टर जागेवर लावत होते. आमच्याकडून अर्धवट काम करून घ्यायचं, ते बिघडलं की नवीन पॅनेल विकायचं आणि बरोबर पद्धत दुसऱ्या फीच्या मागे ठेवायची, असा तो व्यवहार होता.

इन्स्टॉलर कोडचंही, म्हणजे पॅनेलची सेटिंग बदलायच्या पासवर्डचंही, तसंच. पॅनेल देताना कोड ते स्वतः बदलायचे आणि आम्हाला फक्त गिऱ्हाइकाचा कोड द्यायचे. झोनचा प्रकार बदलायचा, एंट्री डिले (आत आल्यावर अलार्म बंद करायला मिळणारा वेळ) वाढवायचा, काहीही करायचं तर त्यांना बोलवा आणि पैसे मोजा. मला हे तेव्हा सुरक्षिततेसाठी वाटलं होतं.

कोर्ससोबत सक्तीने घ्यायला लावलेल्या किटमधली केबल "प्युअर कॉपर" म्हणून दिली होती. दादांनी ब्लेडने तार खरवडली तर आतून पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि सोलताना जरा खाच पडली की तार मोडते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरीही जुनीच निघाली, तारखेचा शिक्का घासलेला. नुसत्या मीटरवर १२.६ दाखवायची, पण मेन्स काढून सायरन लावला की काही मिनिटांत १० च्या खाली. पाव अँपिअर भाराला अशी नवी बॅटरी कागदावर २८ तास पुरते.

म्हणून सांगतो, वर्ग बघायला जाल तेव्हा स्वतःचा मल्टिमीटर घेऊन जा. शिकवणाऱ्याला म्हणा, सेन्सरपाशी दोन तारा जोडून दाखवा आणि पॅनेल काय म्हणतं ते बघू. झोन नॉर्मलच राहिला तर तिथूनच परत फिरा. मेन्स बंद करून सायरन वाजवायला सांगा. पॅनेलचा इन्स्टॉलर कोड तुमच्या हातात मिळणार का, हे तोंडी नाही, लेखी घ्या. आणि विनामजुरी प्रॅक्टिकल असेल तर तारेचं दुसरं टोक जोडताना तुम्हाला तिथे थांबू देतात का, हे एकदा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा. आम्हाला नेमकं तेव्हाच खाली सामान आणायला पाठवायचे. शिडी धरायला कोणी नव्हतं म्हणून त्या दिवशी मी राहिलो.

फी परत मागितली. मिळाली नाही, कारण पावतीवर "किट विक्री" लिहिलेलं होतं, प्रशिक्षण शब्दच नव्हता. पावती घेतानाच वाचायला हवी होती.

चौदापैकी बारा घरांत मी परत गेलो. मालकांना खरं काय ते सांगितलं, प्रत्येक कॉन्टॅक्ट उघडून रेझिस्टर टोकाला नेला, जिथे ती केबल होती तिथे नवी ओढली. मजुरी घेतली नाही. दोन जणांनी चिडून दार लावून घेतलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं, पण कोणी तसं केलं नाही. मावशींनी खिडकी स्वतः तीनदा उघडून सायरन ऐकला. उरलेल्या दोन घरांत राहणारी माणसं बदलली आहेत आणि जुने नंबर लागत नाहीत. चिठ्ठ्या टाकून आलोय, रविवारी पुन्हा जाणार आहे.