१,००० मीटरच्या टॉर्चपायी १४४.२५ डॉलर गेले, तुम्ही घालवू नका

परवा ओळखीतल्या एकाने त्याच सेलरच्या त्याच टॉर्चची लिंक पाठवून विचारलं, घेऊ का? म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

रात्री ससे मारायला (परवाना आहे, शेतमालकाची लेखी परवानगी आहे, आधीच सांगतो) .२२ रायफलवर लावायला हवी होती. टॉर्च ९४.५०, दोन सेल आणि चार्जर ३१, शिपिंग १८.७५. मी नवखा नाही हो, ११ वर्षं रात्रीचा रानात जातोय, रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, सगळं केलं.

पण लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात १,००० मीटर आणि खाली बारीक अक्षरात ६,४०० कॅन्डेला (म्हणजे झोताची तीव्रता), आणि ते मी वाचलं होतं! कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर झोत पोचतो. म्हणजे १६० मीटर. १,००० साठी अडीच लाख कॅन्डेला लागतात. हा हिशोब मी दुसऱ्यांना शिकवलाय आणि स्वतः लुमेनचा (टॉर्चच्या एकूण उजेडाचा) आकडा बघून पैसे भरून बसलो, याचाच राग जात नाही. बरं ते १६० सुद्धा कागदावरचे, तिथे पाव लक्स उजेड पडतो, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, त्यात ससा की मांजर कळत नाही, मागे काय आहे ते तर लांबच. लुमेन बघू नका, कॅन्डेला बघा.

पहिल्या रात्री ६० मीटरवर नुसते डोळे चमकले, अंग दिसेना. गोळी झाडली नाही. नवव्या मिनिटाला उजेड निम्म्यावर आणि टॉर्च हात लावू देईना. सेलवर ९,९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलंय, १८६५० या मापाच्या सेलमध्ये साधारण ३,५०० च्या वर मावतच नाही. वजन केलं, २७ ग्रॅम! खरा ४५ च्या आसपास भरतो. सेल आला की आधी काट्यावर ठेवा, आणि असला हलका सेल गालाजवळ धरून नेम धरू नका.

सेलर म्हणे १५ डॉलर परत देतो, मग २५, मग मॅनेजर सुट्टीवर, असे २६ दिवस काढले. तक्रारीची मुदत ३० ची. थोडे पैसे घेऊन गप्प बसू नका, माझी तक्रार तेवढ्यावर बंद करायचा त्यांचा डाव होता. साइट म्हणते माल पोचलाय, परत पाठवा, तो खर्च ५२ डॉलर माझा. बँक म्हणते वस्तू मिळाली म्हणजे फसवणूक नाही, एक्स्पर्टचा लेखी रिपोर्ट आणा. अहो, ९४ डॉलरच्या टॉर्चचा रिपोर्ट कोण देणार? ग्राहक तक्रारवाले म्हणतात सेलर परदेशातला, आमच्या हद्दीत येत नाही. पोलिसांनी तर अर्जच घेतला नाही, म्हणाले तुम्हाला वस्तू आवडली नाही एवढंच. मग छापील खोटं लिहून विकणाऱ्याला विचारायचं कुणी?

लिस्टिंगचा स्क्रीनशॉट पैसे भरायच्या आधी काढा. मी काढला नव्हता, आणि आता तिथला ६,४०० चा आकडा त्यांनी उडवलाय.